मकर कोणता?

देवळाच्या तोरणावरचा मकर, गंगेचे वाहन असलेला मकर, ग्रीकांच्या मकर राशीतला अर्धा बोकड-अर्धा मासा - सारे कल्पित प्राणी. नावाला हरकत नाही. हरकत आहे ती एका नावापायी होणाऱ्या गल्लतीला.

'मकर संक्रांतीला सूर्य मकरवृत्तावर येतो आणि उत्तरायण सुरू होते' हे वाक्य वर्गात सर्रास ऐकू येते. ते चूक आहे. सूर्य मकरवृत्तावर येतो २२ डिसेंबरच्या सुमारास, आणि उत्तरायणही तेव्हाच सुरू होते. १४ जानेवारीपर्यंत तो सुमारे २ अंश उत्तरेला सरकलेला असतो.

मग वृत्ताला मकराचे नाव का? सुमारे २,००० वर्षांपूर्वी तिथे पोहोचताना सूर्य मकर राशीत असे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलतो. एक फेरा सुमारे २६,००० वर्षांचा. म्हणून आज त्या दिवशी सूर्य धनू राशीत दिसतो. आकाश सरकले, नाव राहिले.

हे पाठ करवून घेऊ नका. मैदानात १ मीटरची काठी उभी करा. पुण्यात तिची माध्यान्हीची सावली २२ डिसेंबरला सुमारे ९० सेंमी भरते, १४ जानेवारीला ८३. उत्तरायण कधी सुरू झाले, ते मुलेच सांगतील.