सैनिक महाग की नागरी कर्मचारी? शेकटकर समितीच्या निमित्ताने

जबलपूरच्या ५०६ आर्मी बेस वर्कशॉपसारख्या ठिकाणी सैनिक आणि नागरी कर्मचारी दोघेही असतात. साहजिकच प्रश्न पडतो: त्याच कामाला स्वस्त कोण?

लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डी. बी. शेकटकर यांच्या समितीने डिसेंबर २०१६ मध्ये अहवाल दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने ६५ शिफारशी स्वीकारून सैनिकी व नागरी मिळून सुमारे ५७,००० पदांची फेररचना जाहीर केली. तीत बेस वर्कशॉपही होती. या निर्णयाकडे अनेकांनी 'बचत' म्हणून पाहिले. ते तपासून घ्या. वर्कशॉपमधला जवान लढाऊ तुकडीत गेला, तरी त्याचा पगार चालूच राहतो. लढाऊ बळ वाढते, खर्च घटत नाही. नवी भरती टळली, तरच बचत.

आता तुलनेची पद्धत पाहू. सातव्या वेतन आयोगानुसार लेव्हल ३ चे सुरुवातीचे मूळ वेतन दोघांनाही २१,७०० रुपये. जवानाला वर ५,२०० रुपये सैनिकी सेवा वेतन. म्हणजे फरक सुमारे २४ टक्के. पण हिशेब इथे थांबवला तर तो चुकतो. राष्ट्रीय पेन्शन योजनेतल्या नागरी कर्मचाऱ्यासाठी सरकार मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्के रक्कम दरमहा भरते. हा खर्च आजच दिसतो. जुन्या पद्धतीने भरती झालेला जवान चाळिशीच्या आत निवृत्त होऊ शकतो आणि पुढे आयुष्यभर पेन्शन घेतो. हा खर्च आजच्या पगारपत्रकात दिसत नाही. शिवाय नागरी कर्मचारी साठीपर्यंत सांभाळतो ते पद चालवायला एकामागून एक दोन किंवा अधिक जवान, म्हणजे तितकी प्रशिक्षणे आणि तितकी पेन्शने लागतात.

यावर उपाय म्हणून काही जण पेन्शनची एकूण तरतूद (२०२३-२४ मध्ये सुमारे १.३८ लाख कोटी रुपये) सेवेतल्या जवानांच्या संख्येने भागतात. तेही चूक आहे. ती रक्कम पूर्वी केलेल्या सेवेची आहे आणि तीत संरक्षण खात्यातले नागरी पेन्शनरही येतात. २०२२ च्या अग्निपथ योजनेतल्या चार वर्षांच्या अग्निवीराला पेन्शन नाही, म्हणून त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

शेवटी, जवानाच्या खर्चात एक गोष्ट विकत घेतलेली असते: हुकूम मिळताच सीमेवर जाण्याची बांधिलकी. ज्या पदाला तिची गरज नाही, तिथेच ही तुलना न्याय्य ठरते. म्हणून आधी पद तपासा, मग पगार.