देवळीतली युद्धनौका

लिलावांच्या सूचीत अलीकडे एक शब्द फार स्वस्त झालाय: 'प्रचार'. ॲडमिरल तोगोचं चित्र, त्याखाली 'मिकासा' युद्धनौका, सोळा किरणांचा नाविक ध्वज, कडेने रेशमी पट्ट्या, तळाला लाकडी रूळ. असा जपानी पट हाती आला की सूचीकार 'युद्धपूर्व प्रचारसाहित्य' लिहितो आणि किंमत टाकून मोकळा होतो. ही मंडळी पट उलगडतात, फोटो काढतात. पण तो पुन्हा नीट गुंडाळून पेटीत ठेवायची वेळ त्यांच्यावर कधी आली असेल, असं वाटत नाही.

युद्धवस्तूंच्या शौकिनांना अस्सल की नक्कल एवढ्याशीच मतलब. त्यांना सोडून देऊ. प्रतीकं मोजणाऱ्यांच्या याद्या बिनचूक असतात आणि बिनकामाच्याही. जॉन डॉवर यांनी 1894–95च्या चीन-जपान युद्धाच्या ठसाचित्रांवर केलेलं काम मोलाचं आहे, पण ती चित्रं म्हणजे बातमी होती. ताजी असेतो विकायची. पटाचं काम बातमी शिळी झाल्यावर सुरू होतं. ताकाशी फुजितानी यांचं 1996चं पुस्तक सम्राटाच्या मिरवणुकांवर लिहिताना बहरतं, मात्र घराच्या उंबऱ्याशी थबकतं.

मला वाट सापडली ती कॅरोल ग्लक यांच्या 1985च्या पुस्तकात. सम्राटभक्तीची विचारसरणी एखाद्या खात्याने वरून ओतली नव्हती. शिक्षक, पत्रकार, गावचे प्रतिष्ठित यांनी ती आपापल्या परीने घडवली, असं त्या दाखवतात. केनेथ रूऑफ 1940च्या साम्राज्याच्या 2600व्या वर्षाच्या सोहळ्याकडे वळतात, तेव्हा त्यांना डिपार्टमेंट स्टोअर आणि पर्यटक दिसतात. गिऱ्हाईक दिसतं! पटाचा अर्थ लावायचा तर तिथूनच सुरुवात हवी.

आणि मग तोकोनोमाकडे यावं. ही बैठकीच्या खोलीतली मानाची जागा. आपल्याकडची देवळी माणसाच्या उंचीची केली तर जवळपास तशी दिसेल. तिथला पट कायमचा नसतो. ऋतू बदलला, सण आला, पाहुणा यायचा असला की जुना उतरतो, नवा चढतो. मे महिन्यात मुलांच्या सणाला उसळणारा कार्प मासा. त्याच महिन्याच्या 27 तारखेला, तोगोने जिंकलेल्या त्सुशिमाच्या लढाईचा आरमार दिन असे. 1905च्या त्या विजयाने आपल्याकडेही उत्साहाला भरतं आलं होतं. म्हणूनच की काय, आपण त्या नौकांकडेच पाहत राहतो, भिंतीकडे नाही. माझ्या मते पटाचं खरं काम हेच: राज्याची तारीख घराच्या ऋतुचक्रात ओवायची. मासा उतरला, मिकासा चढली.

आणखी एक गोष्ट. मानाचा पाहुणा तोकोनोमाकडे पाठ करून बसतो. आधी तो पट पाहतो, दाद देतो, मग वळून बसतो. पुढचा सगळा वेळ पट यजमानासमोर असतो, आणि पटासमोर असतो यजमान. ज्याला पटवायचं त्याच्या पाठीमागे टांगलेला हा कसला प्रचार?

सरकारी छबी कशी वागवतात, ते शाळांत पाहावं. 1888मध्ये इटालियन चित्रकार किओसोने यांनी मेइजी सम्राटाचं चित्र काढलं, त्याचा फोटो शाळांना 'बहाल' झाला. पुढे त्यासाठी खास बंदिस्त वास्तू, होआनदेन, उभ्या राहिल्या. आगीतून ती छबी वाचवताना मुख्याध्यापकांनी जीव गमावले. ती बाजारातून आणायची वस्तू नव्हती, वरून येई. तोगोचा छापील पट मात्र माणूस दुकानातून आणत असे: किंमत विचारून, किरी लाकडाच्या पेटीसकट. या दोन्हींना एकच नाव देणारा समीक्षक आंधळा नाही, आळशी आहे.

इथे कुणी म्हणेल, मी या पटांना निरागस ठरवतोय. उलट आहे. 'प्रचार' म्हटलं की घरमालक सुटतो. बिचारा फसला, त्याच्या गळ्यात पट मारला गेला! मला त्याला सोडायचं नाही. त्याने पैसे मोजले, खिळा शोधला, दिवस निवडला. योकोयामा ताइकान यांनी 1940मध्ये आपली डोंगर-समुद्राची चित्रं विकून पाच लाख येन सैन्याच्या विमानांसाठी दिले. त्या नामवंताला आज जाब विचारला जातो, आणि देवळीत युद्धनौका टांगणाऱ्या हजारो हातांना आपण बळी म्हणून मिठी मारतो. हे समीक्षेचं काम नव्हे, सांत्वनाचं आहे.

1945च्या अखेरीस शाळांतल्या छब्या परत मागवल्या गेल्या. त्या दिल्या कुणाला, याचा हिशेब होता. घरच्या पटांचा हिशेब कुणाकडेच नव्हता. मालकाने ते उतरवले, रुळाभोवती गुंडाळले, दोरी बांधली, पेटीत ठेवले. यात नवीन काही करायला लागलं नाही. दर ऋतूत तो हेच करत आला होता. त्याच पेट्या आज लिलावात येतात, झाकणावर शाईने लिहिलेल्या ओळींसकट. सूचीकार बहुतेकदा पेटीचा फोटोही काढत नाही.