टेंपलस्टोची कुळे

शाळेत असताना स्कॉटची ‘आयव्हॅनहो’ (१८१९) मी अधाशासारखी वाचली होती. परवा पुन्हा वाचली नि एका जागी अडखळलो. धर्मासाठी तलवार धरणाऱ्या टेंपलर वीरांच्या टेंपलस्टो या कल्पित मठाभोवती दानात मिळालेली कुरणे आहेत, एवढे सांगून स्कॉट द्वंद्वयुद्धाकडे वळतो. पण ती जमीन कसत कोण होते? कथेचा काळ ११९४. त्याआधी ९ वर्षे, ११८५ मध्ये, या संघाने इंग्लंडातील आपल्या मालमत्तेची नोंदवही केली. तीत कुळांची नावे, खंड, वेठीचे दिवस, कोंबड्यासुद्धा टिपल्या आहेत! कादंबरीत पैशापायी हसे होते ते मात्र ज्यू सावकार आयझॅकचे. पुस्तक आजही रंगते; पण त्या वहीतले कूळ मला त्यात भेटले नाही.