वृद्धांची रुग्णालयीन शुश्रूषा : परिचारिका-शिक्षणातील एक उणीव

परिचारिकांच्या शिक्षणक्रमात वृद्धांच्या शुश्रूषेला स्थानच नाही, असे आता म्हणता येणार नाही. 2021 मध्ये प्रसृत झालेल्या सुधारित पदवी-अभ्यासक्रमात प्रौढांच्या परिचर्येतील एक घटक म्हणून हा विषय अंतर्भूत आहे. प्रश्न स्थानाचा नसून दृष्टीचा आहे. हृदय, मूत्रपिंड, अस्थी यांच्या विकारांपाठोपाठ वार्धक्य हाही जणू एक विकार, अशी ही मांडणी आहे. वस्तुतः वार्धक्य हा रोग नव्हे. सर्वच रोगांचे रूप पालटणारी ती अवस्था होय.

डाळजसारख्या इंदापूर तालुक्यातील गावाहून ऐंशी वर्षांचा एखादा शेतकरी बारामतीच्या वा पुण्याच्या रुग्णालयात दाखल झाला आहे, असे समजू. फुप्फुसदाह असूनही त्याच्या अंगात ताप नाही. दिवसा तो गुंगीत असतो आणि रात्री जनावरांना वैरण टाकावयास उठू पाहतो. ‘वय झाले, भ्रम झाला’ असा निष्कर्ष काढणे सोपे असते. परंतु काही तासांत उद्भवणारा, घटकेत वाढणारा व घटकेत ओसरणारा संभ्रम निराळा आणि वर्षानुवर्षे वाढत जाणारा स्मृतिभ्रंश निराळा. पहिल्याच्या मुळाशी बहुधा जंतुसंसर्ग, शरीरातील पाण्याची तूट, तुंबलेली लघवी वा एखादे औषध असते, आणि कारण दूर झाल्यास तो पुष्कळदा निवळतो. हा भेद प्रथम ध्यानात येण्याचा संभव परिचारिकेच्याच ठायी अधिक. रुग्णास खाटेला बांधल्याने संभ्रम बळावतो. चष्मा, पुरेसे पाणी, रात्रीची झोप व ओळखीचा आवाज यांनी तो आवरण्यास साहाय्य होते.

अशा साध्या भासणाऱ्या कामांना शास्त्राची प्रतिष्ठा देण्याचे श्रेय इंग्लंडमधील परिचारिका डोरीन नॉर्टन यांच्याकडे जाते. 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, हिंडणे-फिरणे, अवयवांची हालचाल व मलमूत्रावरील ताबा या 5 बाबींवरून शय्याव्रणाचा धोका मोजण्याची रीत मांडली. परंतु गुण मांडणे हे साधन आहे, साध्य नव्हे. तक्ता बिनचूक भरला आणि रुग्णाची कूस मात्र पालटली नाही, तर त्या शिक्षणाचे फलित काय?

येथे एक अडचण प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. आपल्याकडे वॉर्डात परिचारिका थोड्या आणि रुग्ण फार. भरवणे, कूस पालटणे, भांडे देणे ही कामे बहुधा मुलगा वा सून करते. 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभारून रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना परिचारिकेच्या व्यवसायाकडे वळविले, तेव्हा घरातील सेवेला विद्येची जोड मिळाली. आज विद्या परिचारिकेकडे आणि सेवा नातेवाइकाकडे, अशी फारकत होऊ लागली आहे. ज्याने हे काम कधी केलेले नाही, त्यास ते कसे करावे हे शिकविणे, हा परिचारिकेच्या शिक्षणाचाच भाग मानावयास हवा. अभ्यासक्रमात त्यास गौण स्थान आहे.

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील सुमारे एकदशांश लोकसंख्या साठ वर्षांवरील होती. 2007 च्या कायद्याने शासकीय रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी खाटांची तरतूद सांगितली. खाट मिळणे ही मात्र सुरुवात होय. म्हणून परीक्षेत वार्धक्याची व्याख्या विचारण्याऐवजी विद्यार्थिनीस वृद्ध रुग्णाच्या खाटेपाशी उभे करावे, आणि काल बोलणारा हा रुग्ण आज गप्प का, एवढेच विचारावे. त्या उत्तरावरून तिच्या शिक्षणाची खरी पारख होईल.