ओदा नोबुनागा : चरित्र, मोहिमा आणि दंतकथा

ओदा नोबुनागा (१५३४-१५८२) या जपानी सरदाराविषयी उपलब्ध असलेले लेखन विपुल आहे. परंतु त्याचा बराचसा भाग एकाच प्रतिमेभोवती फिरतो. ओवारी प्रांतातील एका दुय्यम घराण्यात जन्मलेल्या या तरुणाने बंदुकीचे महत्त्व इतरांच्या आधी ओळखले, तीन रांगांतून आळीपाळीने फैरी झाडण्याचे तंत्र शोधले आणि मध्ययुगीन घोडदळाचा अस्त घडवला, ही ती प्रतिमा होय. या प्रतिमेचा उगम कोणत्या ग्रंथात आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारला की नोबुनागाच्या चरित्राचे दोन स्वतंत्र प्रवाह दिसू लागतात.

पहिला प्रवाह ओता ग्यूइचीचा. हा नोबुनागाच्या पदरी असलेला धनुर्धारी. धन्याच्या मृत्यूनंतर जुन्या टिपणांच्या आधारे त्याने 'शिंचो-को की' हा वृत्तान्त सिद्ध केला. १५६८ ते १५८२ या प्रत्येक वर्षासाठी एक असे पंधरा खंड आणि त्याआधीच्या काळासाठी एक प्रारंभिक खंड, अशी त्याची रचना आहे. दुसरा प्रवाह ओझे होआनचा. होआन हा वैद्य आणि कन्फ्यूशियन पंडित. सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने ग्यूइचीचाच मजकूर हाताशी घेऊन 'शिंचोकी' रचली. पण तिच्यात प्रसंग फुलवले, उपदेश घातला आणि नायक अधिक चतुर केला. होआनची कृती छापली गेली व घरोघरी वाचली गेली. ग्यूइचीचा ग्रंथ दीर्घकाळ हस्तलिखितांतच राहिला. ओकुबो तादाताका या समकालीन सामुराईने 'मिकावा मोनोगातारी'त होआनच्या कृतीचा एक तृतीयांश भाग खरा, एक तृतीयांश खऱ्यासारखा आणि उरलेला निराधार ठरवला होता. हा इशारा पुढच्या पिढ्यांनी फारसा मनावर घेतला नाही.

नागाशिनोची लढाई या दृष्टीने उद्बोधक आहे. जून १५७५ मध्ये ताकेदा कात्सुयोरीने नागाशिनोच्या किल्ल्यास वेढा घातला आणि नोबुनागा व तोकुगावा इएयासु यांचे संयुक्त सैन्य किल्ल्याच्या मदतीस धावले. होआनच्या कथनात तीन हजार निवडक बंदूकधारी एकेक हजाराने आळीपाळीने गोळ्या झाडतात. ग्यूइचीच्या वृत्तान्तात रांगांचा उल्लेखच नाही. बंदुकांची संख्या तो सुमारे एक हजार देतो. एका हस्तलिखितात या आकड्याशेजारी 'तीन' हे अक्षर बारीक लिहून जोडलेले आढळते, एवढेच. उलटपक्षी होआनच्या वाचकांना सहसा न आठवणारी एक गोष्ट तो तपशिलाने सांगतो. साकाई तादात्सुगुच्या हाताखाली एक तुकडी पाचशे बंदुकांसह आडवाटेने रवाना झाली आणि तिने शत्रूच्या पिछाडीच्या तोबिनोसु टेकडीवर हल्ला चढवला. किल्ला मोकळा झाला, कात्सुयोरीची कोंडी झाली आणि दुप्पट सैन्याच्या मेढेकोटावर चालून जाण्यावाचून त्याला मार्ग उरला नाही. म्हणजे हा विजय संख्याबळ, लाकडी मेढी, पिछाडीवरील छापा आणि बंदुका यांच्या मिलाफाचा होता. यात प्रतिभा नाही असे नव्हे. पण ती सेनापतीची प्रतिभा आहे, संशोधकाची नव्हे.

ओकेहाझामाच्या लढाईचीही (१५६०) हीच गत. इमागावा योशिमोतोच्या प्रचंड सैन्यावर नोबुनागाने दोन हजारांहून कमी माणसांनिशी डोंगरामागून वळसा घालून अचानक झडप घातली, असे होआन सांगतो. ग्यूइची मात्र वादळी पाऊस ओसरताच समोरून केलेल्या चढाईचे वर्णन करतो.

होआनची दोन्ही कथने आधुनिक इतिहासात स्थिरावली याचे श्रेय, किंवा दोष, जपानी लष्कराच्या जनरल स्टाफकडे जातो. त्याने प्रसिद्ध केलेल्या युद्धेतिहासाच्या ओकेहाझामा (१८९९) व नागाशिनो (१९०३) या खंडांत ती अधिकृत झाली. अल्पसंख्य सैन्याचा आकस्मिक विजय आणि नव्या शस्त्राची किमया, या दोन्ही गोष्टी त्या काळच्या लष्करी मनाला भावणाऱ्याच होत्या. तेथून त्या पाठ्यपुस्तकांत उतरल्या. जेफ्री पार्कर यांनी १९८८ च्या 'द मिलिटरी रेव्होल्यूशन' या ग्रंथात नागाशिनोच्या फैरींना जागतिक युद्धेतिहासात स्थान दिले. अकिरा कुरोसावा यांच्या 'कागेमुशा' (१९८०) या चित्रपटाची अखेरही याच लढाईने होते. कुरोसावा प्रत्यक्ष कत्तल दाखवत नाहीत. बंदुकांचे आवाज, पाहणाऱ्यांचे चेहरे आणि नंतर मैदानात तडफडणारे घोडे, इतकेच दाखवतात. कलाकृती म्हणून हा प्रसंग अविस्मरणीय आहे. पुरावा म्हणून त्याचा आधार होआनपर्यंतच पोहोचतो. फुजिमोतो मासायुकी यांच्यासारख्या अभ्यासकांनी ग्यूइचीच्या संहितेकडे परत जाऊन ही परंपरा तपासली, तेव्हा तिचा पाया किती ठिसूळ आहे हे स्पष्ट झाले.

दंतकथेने केलेली खरी हानी वेगळीच आहे. तंत्रज्ञ नोबुनागाच्या तेजात संहारक नोबुनागा अंधुक होतो. १५७१ मध्ये हिएई पर्वतावरील एन्र्याकुजी मठ जाळण्यात आला. १५७४ मध्ये नागाशिमा येथे इक्को पंथाच्या बंडखोरांना दोन गढ्यांत कोंडून आग लावण्यात आली. ग्यूइचीच्या मते तेथे सुमारे वीस हजार स्त्रीपुरुष जळाले. पुढच्या वर्षी, नागाशिनोच्या विजयानंतर अवघ्या काही महिन्यांत, एचिझेन प्रांतातील फुचू गावात प्रेतांवाचून मोकळी जागा उरली नसल्याचे नोबुनागाने स्वतःच क्योतोतील मुराई सादाकात्सुला पत्राने कळवले. या घटना ग्यूइची लपवत नाही, फारसा हळहळतही नाही. धन्यावर निष्ठा असलेल्या सेवकाने हे आकडे मांडावेत आणि नंतरच्या प्रशंसकांनी ते ओलांडून बंदुकांच्या रांगा मोजत बसावे, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

अर्थात ग्यूइचीही निर्दोष नाही. ओकेहाझामाची लढाई तो चक्क आठ वर्षे आधी, १५५२ मध्ये नेऊन ठेवतो. यशापयशाचा उलगडा करताना 'आकाशाच्या मार्गा'चा हवाला देतो. त्यामुळे तिसऱ्या साक्षीची गरज भासते आणि ती जेझुइट लुईश फ्रोइश याच्याकडून मिळते. १५४८ मध्ये गोव्यात आलेला, १५६१ मध्ये तेथेच धर्मगुरूची दीक्षा घेतलेला आणि १५६३ मध्ये जपानात उतरलेला हा मिशनरी १५६९ पासून नोबुनागाला प्रत्यक्ष भेटत होता. त्याची निरीक्षणे सूक्ष्म आहेत. पण बौद्ध मठांच्या विध्वंसाने त्याला झालेला आनंद लपत नाही. अखेरीस नोबुनागाने स्वतःस देव म्हणून पुजून घेतले, हा त्याचा आरोपही याच दृष्टीतून तपासावा लागतो, कारण ग्यूइचीच्या ग्रंथात त्याला दुजोरा नाही.

जून १५८२ मध्ये आकेची मित्सुहिदेने क्योतोतील होन्नोजी मंदिरात नोबुनागाला गाठले. मित्सुहिदे का उलटला, याची कारणे पुढील शतकांत डझनावारी रचली गेली. नाटककारांनी तर त्याच्या अपमानाचे प्रसंगच उभे केले. ग्यूइची या बाबतीत संयमी आहे. तो तेथे हजर नव्हता. नोबुनागा प्रथम धनुष्याने, मग भाल्याने लढला, कोपराला जखम झाल्यावर त्याने स्त्रियांना बाहेर पडण्यास सांगितले आणि तो आतल्या दालनात गेला, एवढेच तो नोंदवतो. आणि एका हस्तलिखितात ही माहिती कोठून मिळाली तेही तो सांगून ठेवतो : शेवटपर्यंत तेथे थांबून बाहेर पडलेल्या स्त्रियांकडून.