हाकेचं नाव, हजेरीचं नाव

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी आम्हाला विचारलं होतं, ‘माझी नात अमेरिकेत वाढते आहे. घरात ती एक असते, शाळेत दुसरीच. तिचं खरं रूप कोणतं मानायचं?’ तेव्हा घाईत दिलेलं उत्तर आमचं आम्हालाच पटलं नाही. म्हणून आज झुम्पा लाहिरी यांची ‘द नेमसेक’ ही २००३ सालची इंग्रजी कादंबरी घेऊ आणि तोच प्रश्न तिला विचारू.

‘दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेला मुलगा’ असं या कादंबरीचं वर्णन नेहमी केलं जातं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. बंगाली घरात माणसाला दोन नावं असतात. एक डाकनाम आणि एक भालोनाम. इथं डाक म्हणजे टपाल नव्हे, डाक म्हणजे हाक. घरच्यांनी हाक मारायचं ते डाकनाम. हजेरीपटावर आणि पाकिटावर लिहायचं ते भालोनाम. आपल्याकडेही कचेरीतल्या मोठ्या साहेबांना घरी ‘बाळ्या’ म्हणतातच की! त्यात कुणाला दुभंगलेपण दिसत नाही. म्हणजे आतला एक आणि बाहेरचा एक, ही काही परदेशानं दिलेली जखम नव्हे. ती घराची जुनी सोय आहे. मध्ये एक उंबरठा असतो, एवढंच.

मग बिघडतं कुठं? अशोक आणि अशिमा गांगुली यांना १९६८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज इथं मुलगा होतो. नाव अशिमाच्या आजीनं ठेवायचं असतं. पण तिनं कलकत्त्याहून पाठवलेलं पत्र वाटेतच गहाळ होतं. इस्पितळाला तर घरी सोडण्याआधी जन्मदाखल्यावर नाव हवं. आईबाप वेळ निभावून नेण्यासाठी एक डाकनाम लिहून देतात, गोगोल. पुढे शाळेत घालताना ते ‘निखिल’ हे भालोनाम सांगतात. पण पोराला नवं नाव नको असतं. मुख्याध्यापिका त्यालाच विचारतात आणि त्याच्या पसंतीचं नाव कायम करतात. यात दुष्टावा कुणाचाच नाही. एका समाजात नाव वडीलधाऱ्यांनी द्यायचं असतं, दुसऱ्यात ज्याचं त्याला विचारायचं असतं. परिणाम मात्र असा, की घरातलं नाव चारचौघांत आलं आणि उंबरठाच पुसला गेला. खुद्द लेखिकेचंही तेच झालं. ‘झुम्पा’ हे त्यांचं घरचं नाव. शाळेत शिक्षिकेला तेच सोपं वाटलं आणि तेच पुढे पुस्तकांवर आलं.

हाना आरेन्ट यांची इथं आठवण होते. त्या स्वतः १९३३ साली जर्मनी सोडून निघालेल्या आणि १९४१ साली अमेरिकेत पोचलेल्या. ‘द ह्यूमन कंडिशन’ या १९५८ सालच्या ग्रंथात त्या खाजगी आणि सार्वजनिक या दोन क्षेत्रांचा विचार करतात. त्यांच्या मते काही गोष्टींना वाढायला आडोसा लागतो. आणि आपण कोण आहोत हे उघड व्हायला इतरांच्या देखत बोलावं-वागावं लागतं. दोन्ही हवं. म्हणजे घरातलं ते खरं आणि बाहेरचं ते सोंग, असं नाही.

आता कादंबरीतली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी जागा सांगतो. अशोक तरुणपणी एका रेल्वे अपघातातून वाचला, तो हातातल्या गोगोलच्या कथांच्या पानामुळे. ते पान हललं आणि मदतीला आलेल्यांचं लक्ष गेलं. मुलाच्या नावामागे ही गोष्ट आहे. पण ती मुलाला माहीतच नाही! तो अठराव्या वर्षी कोर्टात जाऊन ‘निखिल’ होतो, आणि बाप सांगतो ते त्यानंतर, एका रात्री गाडीत. तोवर का नाही सांगितलं? अशिमा नवऱ्याला नावानं हाक मारत नाही. आपल्या आज्याही नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यायच्या. जे जवळचं, ते उच्चारायचं नाही, अशी ती रीत. कलकत्त्याच्या भरल्या घरात हे चालून गेलं असतं. बाप गप्प राहिला तरी आजीनं, आत्यानं ती गोष्ट दहा वेळा सांगितली असती. परदेशातल्या चौघांच्या घरात मात्र बापानं सांगितलं नाही तर सांगणारं दुसरं कुणीच उरत नाही. स्थलांतरात सांगणारी माणसं मागे राहिली. मुलाला नाव मिळालं, गोष्ट मिळाली नाही.

आमची तक्रार आहे ती उत्तरार्धाविषयी. नायक वास्तुरचनाकार होतो, न्यूयॉर्कमध्ये काम करतो. पण त्याचं काम, सहकारी, नागरिक म्हणून त्याचं असणं, सगळं धावतं. दिसतात ती प्रेमप्रकरणं. नाव बदलल्यावरही निवेदन त्याला बहुतेक ठिकाणी गोगोलच म्हणतं. म्हणजे निवेदन उंबरठ्याच्या आतच उभं राहतं, आणि ‘निखिल’ हा वेषापलीकडे जात नाही. ज्याला आरेन्ट सार्वजनिक म्हणतात, ते लेखिकेनं त्याला दिलंच नाही.

तर बाई, तुमच्या प्रश्नाचं आमचं सुधारलेलं उत्तर असं. नातीचं खरं रूप शोधत बसू नका. तिला दोन्ही राहू द्या. फक्त आतलं रूप रिकामं राहू नये, एवढं पाहा. रविवारी फोनवर ‘जेवलीस का’ विचारून झालं, की तिच्या आईच्या, तुमच्या, घराच्या गोष्टी सांगा. तिनं विचारण्याची वाट पाहू नका. कादंबरीच्या शेवटी बाप गेलेला आहे, आई घर विकते आहे, आणि बापानं चौदाव्या वाढदिवसाला दिलेलं गोगोलचं पुस्तक मुलगा आता कुठं वाचायला घेतो आहे.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.