जर-तरच्या गाडीतले खानसाहेब

इतिहासात ‘जर-तर’ला जागा नसते, असे आम्ही शिक्षक वर्गात सांगत असतो. साहित्यात मात्र ती असते. रॉबर्ट हॅरिस यांच्या ‘फादरलँड’ (१९९२) या इंग्रजी कादंबरीत दुसरे महायुद्ध जर्मनीने जिंकले आहे. साल १९६४. युरोप हिटलरच्या मुठीत, समोर जपानला हरवलेली अमेरिका. अण्वस्त्रे दोघांकडे, म्हणून आता समेटाची तयारी. या समेटाखाली एक प्रश्न गाडलेला आहे : युरोपातले ज्यू गेले कुठे? बर्लिनचा एक पोलीस अधिकारी तो उकरून काढतो. कोण जिंकले यापेक्षा कोण दिसेनासे झाले, हे विचारणारी म्हणून ही कादंबरी आम्हांला महत्त्वाची वाटते.

मराठीत या जातीची ठळक कथा म्हणजे २०२५ साली निवर्तलेले डॉ. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. १७६१ साली विश्वासरावांना लागलेली गोळी या कथेत कानाजवळून निघून जाते आणि मराठे जिंकतात. पुढे देशात लोकशाही येते. दिल्लीचा बादशहा संसदेच्या शिफारशींवर शिक्का मारण्यापुरता उरतो. विजयाचा अर्थ सूड असा नारळीकरांनी लावला नाही, ही त्यांची थोरवी आम्ही मनापासून मानतो.

याच कथेचा इंग्रजी पाठ एनसीईआरटीच्या २००६ सालच्या अकरावीच्या पुस्तकात आला. त्यात मुंबईच्या गाडीत गंगाधरपंतांना खानसाहेब भेटतात. ते रात्रीच्या फ्रंटियर मेलने दिल्ली, लाहोर करत पेशावरला निघाले आहेत. म्हणजे त्या देशाची फाळणी झालेलीच नाही! जळगाव-धुळ्याच्या ज्या घरांतली नाती १९४७ नंतर व्हिसाच्या रांगेत अडकली, त्यांना या दोन ओळी साऱ्या लढाईपेक्षा जड वाटतील.

आमची तक्रारही इथेच आहे. खानसाहेब आपल्या धंद्याविषयी पुष्कळ बोलतात, पंत ते आवडीने ऐकतात. वाचकाला मात्र त्यातला एक शब्दही ऐकू येत नाही. सारे बोलणे दोन वाक्यांत गुंडाळले जाते आणि पंत ग्रंथालयातले खंड उघडतात. तसाच इब्राहीमखान गारदी. १७६० मध्ये उदगीरला त्याच्या तोफांनी निजामाला नमवले आणि खानदेशाची जुनी राजधानी बुऱ्हाणपूर मराठ्यांकडे आली. पानिपतावर तो मराठ्यांकडून लढला, पकडला गेला, मारला गेला. मराठे जिंकते तर त्या विजयात त्याचा वाटा काय असता? विश्वासरावांच्या गोळीवर तोललेल्या या पाठात तो प्रश्न उठतच नाही.

कथा लहान आहे, तिच्यावर सारे ओझे टाकता येणार नाही. पण आमच्या लिहित्या तरुणांनी तीच गाडी खानसाहेबांच्या आसनावरून एकदा लिहून पाहावी. पेशावरला त्यांची वाट कोण पाहत होते, हे मराठीत अजून यायचे आहे.